एक ओहम

मी व्हॅनच्या डिकीत अंग चोरून बसले होते आणि बेस तपासायला एक घुमणारा सूर लावला होता. मान वर करून पाहते तर तात्या, आमचे वडील, खुर्चीवरून उठून आलेले, पत्र्यावर तळहात टेकवून उभे. आई गेल्यापासून हा माणूस कुणी उठवल्याशिवाय उठला नव्हता. मी धन्याला खूण केली. धन्या म्हणजे माझा धाकटा भाऊ धन्यकुमार. तो एका गिऱ्हाइकाला सीट कव्हर दाखवत होता. कव्हर तसंच हातात धरून तो तात्यांकडं बघत राहिला, आणि त्याच्याबरोबर गिऱ्हाईकही बघत राहिलं. काय बघायचं ते बिचाऱ्याला कळलं नसणार.

इचलकरंजीत स्टँडच्या मागच्या रस्त्याला आमचं गाड्यांच्या साउंडचं दुकान होतं. गल्ला आणि गोड बोलणं धन्याकडं, वायरी आणि वाकडं बोलणं माझ्याकडं. सासरहून कायमची परत आले तेव्हा शिवणाचं मशीन घे म्हणून सगळ्यांनी सुचवलं होतं. मी रेडिओ दुरुस्तीच्या क्लासला गेले. क्लासमध्ये मी एकटीच बाई, त्यामुळं मास्तरांनी पहिला महिनाभर मला फक्त झाळकाम, म्हणजे वायरींना डाग द्यायचं काम, करायला लावलं, आणि त्यांच्या दुर्दैवानं ते मला फार चांगलं जमलं. गाडीत वाकून काम करणारी बाई बघायला सुरुवातीला माणसं थांबायची. मग थांबलेली माणसं हळूहळू गाड्या घेऊन यायला लागली.

तात्या यंत्रमागावरचे. उभा जन्म मागाच्या खडखडाटात गेला आणि त्यानंच कान नेले. कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना ढग गडगडलेलंही ऐकू येत नव्हतं. पण समोरच्याचे ओठ ते छापील अक्षरासारखे वाचायचे. त्यात त्यांचं एकट्याचं कौतुक नाही. मागावरच्या सगळ्यांनाच ते येतं. तिथं धोट्याच्या दणदणाटात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून कुणी ओरडतच नाही. नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही. लहानपणी मी डबा घेऊन जायची तेव्हा चार मागांपलीकडून तात्या मला न बोलता विचारायचे, भाजी काय आणलीस, आणि मी न बोलता सांगायची, वांगं. वांगं म्हटलं की ते तोंड वाकडं करायचे.

घरी मात्र ते बहिरे होते. आपला आवाज केवढा निघतोय हे त्यांना कळायचं नाही. धन्याला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा त्यांनी आईच्या कानाशी लागून हळूच सांगितलं होतं की पोरगी बरी आहे पण बाप लबाड दिसतो. ते हळूच बोलणं ओसरीपासून परसापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. सोयरीक मोडली. तेव्हापासून चारचौघांत ते कामापुरतं बोलायचे, आणि बाकीचं सगळं आईजवळ राखून ठेवायचे. आईही पूर्वी कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. घराची दारं लावून दोघं ओठांनी बोलत बसायची. त्यातही मध्येच तात्यांचा आवाज सुटायचा आणि आई त्यांच्या तोंडावर हात ठेवायची.

ती गेली त्या दिवसापासून तात्यांनी तोंड मिटलं. सुरुवातीला आम्हाला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. मग जेवण सुटत गेलं. आधी रात्रीचं, नंतर सकाळचं. ताट समोर ठेवलं की ते ताटाला नमस्कार करायचे आणि सरकवून ठेवायचे. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, आजार काही नाही, पण हे असं चाललं तर फार काढणार नाहीत. त्यांना बोलतं करा. कसं करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. म्हणून रोज सकाळी आम्ही त्यांना दुकानात आणून बसवत होतो. तेवढंच माणसांत.

आणि त्या दिवशी ते आपणहून उठले. मी व्हॅनचं सरकतं दार उघडून दिलं. ते मधल्या सीटवर जाऊन बसले, चपला काढल्या आणि दोन्ही पावलं पत्र्यावर सपाट टेकवली. मी आवाज वाढवला. त्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून बाहेर बघत एकदम म्हणाले, "दत्त्या, च्या आण."

दत्तू चहावाल्याचा गाडा आमच्या दुकानाला लागूनच. तो दचकून वळला आणि त्याची किटली हिंदकळली. मला तर नाचावंसं वाटलं. धन्या गिऱ्हाइकाला तसंच टाकून आला. दत्तूनं आलं घालून चहा केला, स्वतः घेऊन आला, पैसे नको म्हणाला. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं, मान हलवली, चपला घातल्या आणि खुर्चीवर जाऊन बसले. चहा तसाच राहिला. परत तोंड बंद.

"त्यांना बेस कमी पडला," मी धन्याला म्हणाले.

धन्याला ते पटलं नाही, पण मी मनाशी सगळं जुळवून टाकलं होतं. जन्मभर पायाखालची जमीन हादरत होती, ती निवृत्तीनंतर थांबली. आई होती तोवर निभावलं. आता त्यांना मागाची थरथर पाहिजे. ती मिळाली की जीव थाऱ्यावर येईल. दुकानातलं माणूस दुकानातलाच उपाय काढतं.

आता इथं माझ्या धंद्याचं थोडं सांगावं लागेल. वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, करंटला किती अडवतो ते ओहममध्ये मोजतात. अडवणूक कमी असेल तेवढा अ‍ॅम्प्लिफायर जास्त जोर ओतत सुटतो, आणि झेपेना झालं की तापून बंद पडतो, नाहीतर कायमचा जातो. म्हणून अ‍ॅम्पवर लिहिलेलं असतं की कितीच्या खाली नेऊ नका. आमच्या अ‍ॅम्पवर लिहिलं होतं, दोन. व्हॅन आमची नमुन्याची होती, तिच्यात गाण्याचे स्पीकर नव्हतेच, नुसते दोन मोठे वूफर, प्रत्येकाला चार-चार ओहमच्या दोन कॉइल. हे दोन्ही वूफर एकत्र जोडले तर कामाचे आकडे दोनच निघतात, चार किंवा एक. चारावर अ‍ॅम्प सुखात असतो पण निम्म्या जोरानं चालतो; त्या दिवशी तो चारावरच होता. एकावर तो मरायला टेकतो. आणि दोन, म्हणजे नेमकं पाहिजे ते, दोघांना मिळून कसंच येत नाही. एक वूफर सोडून द्यावा तेव्हा येतं.

पोरं यायची, एक ओहमवर जोडून द्या म्हणायची, गणपतीत काचा फुटल्या पाहिजेत म्हणायची. मी हाकलून द्यायची. लिहिलंय त्याच्याखाली मी जात नाही, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या माघारी मला ओहमबाई म्हणायचे, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच तात्यांच्या जुन्या कारखान्यात गेले. तिथले जुने माग अजून निम्मे चालू होते, बाकीचे भंगारात निघाले होते. शेठजींनी ओळखलं, तात्यांची चौकशी केली. मी मागांच्या मधोमध उभी राहून त्यांचा आवाज भरून घेतला. परत येऊन एक वूफर सोडला, राहिलेला दोन ओहमवर जोडला आणि मागांचा आवाज लावून दिला. धडाधड धोटे मारायला लागले. तात्यांना बोलवावं लागलं नाही. आले, चपला काढल्या, पावलं टेकवली. त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप हलायला लागला, तुटलेला धागा जोडतात तसा. माझे डोळे भरून आले. साधलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात त्यांनी बाहेर बघितलं. "दत्त्या, च्या आण."

दत्तूनं वळून हात वर केला. तात्यांनी मान हलवली आणि ते उतरले.

खरं तर मला माहीत असायला पाहिजे होतं. अ‍ॅम्पचा जोर दुप्पट झाला पण वूफर एकच राहिला, मग फरक पडणार किती. बेस जवळजवळ कालच्याएवढाच. मी पान्हा फेकून दिला. मला राग आला होता, आणि तो तात्यांवर आला होता. एवढं करतेय, एक घोट चहा घ्यायला काय जातं या माणसाचं? दुपारी वहिनीनं, धन्याच्या बायकोनं, डबा पाठवला. तात्यांनी त्याला नमस्कार केला आणि सरकवला. शर्टाच्या बाहीतून त्यांचा काडी झालेला हात बघितला आणि माझा राग जागच्या जागी जिरला.

मी परत डिकीत शिरले. धन्यानं बघितलं, मी चारी कॉइलच्या वायरी एकत्र आणतेय.

"अक्का, एकावर जोडालीस?"

"हं."

"जळंल की गं त्यो."

"जळू दे."

"त्यापरीस कोल्हापुरास्नं मोठा मागवू. परवापतूर येतोय."

"परवापतूर ते काय खातील, धन्या?"

न सांगता त्यानं बॅटरीला जाडजूड वायर आणून जोडली. धन्या बोलतो गोड आणि वागतोही गोड, फक्त उशिरा.

मी सेट चालू केला. पहिल्याच ठोक्याला माझ्या पोटातलं पाणी हललं. व्हॅन जुनी, तिचा पत्रा, काचा, सीटखाली ठेवलेला जॅक, सगळं मिळून खडखडायला लागलं, आणि त्या खडखडाटात मला खरोखरच कारखान्याच्या दारात उभी असल्यासारखं वाटलं. पलीकडच्या दुकानातून कुणीतरी बाहेर येऊन हातवारे करत होतं. काय म्हणत होतं ते ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. अ‍ॅम्पवर हात ठेवला, आत्ताच गरम व्हायला लागला होता. तात्या येऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले.

त्यांनी बाहेर बघितलं आणि ओठ हलवले. दत्त्या, च्या आण. मी अगदी खेटून बसले होते, तरी मला काही ऐकू आलं नाही. दत्तूची पाठ आमच्याकडं होती. तो कप विसळत राहिला. तात्यांनी पुन्हा हाक मारली, या वेळी गळ्याच्या शिरा फुगल्या. दत्तू वळला नाही.

तात्यांनी हात लांबवून व्हॅनचं दार ओढून घेतलं. मग माझ्याकडं तोंड करून बसले, कारखान्यात बसायचे तसे, समोरच्याला ओठ दिसतील असे.

"तुला आयकू येतंय?" त्यांनी ओठांनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हणाले. तेव्हा कुठं मला कळलं. दोन दिवस हा माणूस दत्तूला चहा सांगत नव्हता. आपला आवाज लपतो की नाही ते बघत होता.

"तुझ्या आईनं मला हाक मारली हुती," तात्या म्हणाले.

मी सीटवर त्यांच्याकडं पुरती वळले.

"गेली त्या पहाटं. लाइट गेल्ती. मी बाजूलाच निजलोय. हात लांब केला आस्ता तर लागली आस्ती."

कुणी सांगितलं, असं मी ओठांनीच विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"भागीरथी सांगत हुती न्हवं तुम्हा बायकांस्नी. भिंतीला भिंत हाय. तिला आयकू गेलं. तिला वाटलं, ह्यो हाय जवळ, बघंल."

सगळं डोळ्यांसमोर आलं. आईला पोचवून माणसं परत आल्यावर बायका ओसरीवर बसल्या होत्या. शेजारच्या भागीरथी मावशींनी रडत रडत ते सांगितलं. बाई गं, किती वेळ हाका मारत होती. मी, वहिनी, सगळ्यांनीच ते ऐकलं. हे तात्यांना कुणी सांगायचं नाही, असं आम्ही तिथंच बसून ठरवलं. तात्या समोरच्या भिंतीला टेकून आमच्याकडं बघत होते. आणि त्यांच्यापासून लपवायचं म्हणून आम्ही काय केलं, तर सगळ्यांनी आवाज खाली केला. बहिऱ्या माणसासमोर आम्ही कुजबुजत बसलो. आमच्या ओठांवरून त्यांनी अक्षर न अक्षर वाचलं, आणि ते कुणालाच सांगायचं नाही असं आमचं ठरलेलंसुद्धा वाचलं.

मग त्यांनी तरी कुणाजवळ बोलायचं? घरात तोंड उघडलं तर भिंतीपलीकडं भागीरथी मावशी. हळू बोलायला जावं तर गल्ली गोळा व्हायची. तोंडावर हात ठेवणारी गेलेली.

मी त्यांचे हात धरले. अंधारात तुम्हाला दिसलं नसतंच, तात्या, तुमची काय चूक, असलं काहीतरी मी भराभर ओठांनी म्हणाले. त्यांनी हातानं मला थांबवलं. ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

"नाव घिऊन मारली हाक. भागीरथी म्हनली न्हवं? अण्णाप्पा, अण्णाप्पा."

होय, तसंच म्हणाल्या होत्या. आई जन्मभर अहो म्हणत आली. तिच्या पिढीच्या बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. कारखान्यात सगळे त्यांना अण्णाप्पा म्हणायचे, त्या दणदणाटात ऐकणारंही कुणी नव्हतं, पण तिनं तिथंही ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं.

"लगनात घेतलं हुतं," तात्या म्हणाले. "तवा तोंडावर पदर. कान चांगलं हुतं, पर वाजंत्री लागल्याली. ते बी गेलं. आन् ह्ये बी गेलं." त्यांचे ओठ थरथरायला लागले आणि मला वाचता येईनात. ते थांबले, पंच्यानं तोंड पुसलं, पुन्हा माझ्याकडं वळले. "मला निस्तं बघायचं हुतं. कसं म्हनली आसंल?"

जळका वास यायला लागला होता. मला मागं वळून बघायचं भान नव्हतं. तात्या माझ्या तोंडाकडं बघत होते. बापाचं नाव लेकीनं तोंडावर घेऊ नये असं मला शिकवलेलं, आणि शिकवलेलं होतं ते आईनंच. मी आवाज न काढता म्हणाले, अण्णाप्पा.

त्यांनी नीट बघितलं. मग मान हलवली.

"तसं नसंल. दात कुठं हुतं तिला?"

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं, दोन्ही एकदम. वरचे पडले, खालचे पडले, कवळीनं हिरड्या सोलतात म्हणून तिनं ती कधी बसवलीच नाही. शेवटी शेवटी तिचं सगळं बोलणं ओठ आत ओढून व्हायचं. त्या बोळक्या तोंडाचं बोलणं आम्हाला ऐकूनही समजायचं नाही. तात्यांना मात्र बघून सगळं समजायचं.

मी डोळे पुसले. ओठ दातांवरून आत दुमडून घेतले, गाल खपाटीला नेले, आणि पुन्हा म्हणायला तोंड उघडलं. त्याच वेळी मागं अ‍ॅम्पवर तांबडा दिवा लागला. खडखडाट थांबला. एकदम इतकं शांत झालं की रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू आली. तात्यांची पावलं पत्र्यावर होती, त्यांनाही थांबलेलं कळलं असणार. पण त्यांनी माझ्या ओठांवरची नजर काढली नाही, म्हणून मीही थांबले नाही. तशा बोळक्या तोंडानं मी माझ्या बापाला हाक मारली.

"अण्णाप्पा."

आणि तात्यांनी ओ दिली. पोटातून, छाती भरून, जेवढा निघेल तेवढ्या आवाजात. अख्ख्या रस्त्यानं ती ऐकली.